कंबरमोड्याला काय जोडायचं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात मी आर्टिक्युलेटेड मिनी ट्रॅक्टरवर, म्हणजे मधोमध कंबरेतून वळणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरवर अर्धं पान लिहिलं होतं, आणि खरं सांगायचं तर हे कोण वाचणार असंच वाटलं होतं कारण आपल्याकडे असली मशीनं आहेतच किती. पण पत्रं आणि व्हॉट्सॲप मिळून इतके प्रश्न आले की संपादकांनी या वेळी सगळी जागा मलाच दिली. बहुतेकांकडचं मशीन सेकंडहँड, कुठल्यातरी रिसॉर्टच्या नाहीतर मोठ्या लॉनवाल्यांच्या लिलावातून आलेलं, सोबत एक बकेट, आणि मॅन्युअल असलंच तर परक्या भाषेत. त्यामुळे पुढचा प्रश्न सगळ्यांचा एकच, आता याला अजून काय काय जोडता येईल. निवडक प्रश्न घेतलेत, काही थोडे कापलेत, राग मानू नका.

"चारशे कलमं आहेत, अर्धी कातळावर, अर्धी उतारावर. मेव्हण्याने मुंबईहून २५ एचपीचा असा ट्रॅक्टर घेऊन पाठवला. गडी त्याला 'कंबरमोड्या' म्हणतात. साध्या मिनी ट्रॅक्टरपेक्षा यात वेगळं काय, आणि पहिलं अटॅचमेंट कुठलं घेऊ?" – आंबा बागायतदार, देवगड

कंबरमोड्या हे नाव फारच आवडलं, यापुढे मी पण तेच म्हणणार.

साध्या ट्रॅक्टरची पुढची चाकं वळतात, याची चाकं वळतच नाहीत. चेसीसचे दोन तुकडे असतात, मधे उभी जाड पिन, आणि स्टिअरिंग फिरवलं की हायड्रॉलिक सिलेंडर त्या दोन तुकड्यांना एकमेकांकडे वाकवतो. पिन बरोबर मधोमध असेल तर मागचं चाक पुढच्या चाकाच्याच चाकोरीतून जातं, म्हणून ओल्या जमिनीत चारऐवजी दोनच चर पडतात. बहुतेक मशीनमध्ये त्या सांध्याला अजून एक हालचाल असते, पुढचा भाग मागच्यापेक्षा थोडा डावा-उजवा कलू शकतो, त्यामुळे खड्डा आला तरी चारही चाकं जमिनीवर राहतात. इटलीतला अँटोनिओ कॅरारो, पास्क्वाली, जर्मनीतला होल्डर ही मंडळी द्राक्षमळे आणि फळबागांसाठी असले ट्रॅक्टर बनवत आली, अरुंद ओळी आणि डोंगरउतार, म्हणजे आपल्यासारखंच दुखणं. अमेरिकेत ओहायोतला व्हेनट्रॅक आहे, तो २०२० मध्ये टोरो कंपनीने घेतला, फिनलंडचा अवांत हा त्यातला लोडर प्रकार. तुमचा कुठला ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण हिशोब सगळ्यांना सारखाच लागू आहे.

पहिलं अटॅचमेंट गवताचं घ्या. डोळे झाकून. आपल्याकडे गणपती झाले की बागेत माणूस दिसत नाही एवढं गवत होतं, ऑक्टोबर-नोव्हेंबरात ते कापलं नाही तर पुढे सुकतं आणि फेब्रुवारी-मार्चला कुठून तरी वणवा येतो आणि वीस वर्षांचं कलम तासाभरात जातं, हे तुम्हाला मी सांगायला नको. ब्रश कटरवाले गडी मिळवायचे म्हणजे आधी त्यांच्या मागे फिरा, मग पेट्रोलच्या मागे. कंबरमोड्याला अवजार पुढे लावता येतं, म्हणजे गवत टायरखाली चिरडून आडवं पडायच्या आधी कापलं जातं, हा याचा खरा फायदा.

त्यातही रोटरी स्लॅशर नको, फ्लेल मॉवर घ्या. स्लॅशरचं पातं कातळावरचा सुटा दगड गोळीसारखा फेकतं, गडी वीस-पंचवीस पावलांवर असला तरी भीती असते. फ्लेलमध्ये आडव्या रोलरवर लोंबत्या पात्या असतात, दगड लागला की पातं मागे झुकतं आणि वरचं झाकण बहुतेक तुकडे खाली दाबतं. पात्यांत वाय आकाराच्या आणि हातोडीसारख्या अशा दोन जाती, करवंद-घाणेरीचं झुडूप असेल तर हातोडीच घ्या. रुंदी टायरच्या बाहेरच्या कडेपेक्षा बोट-दोन बोट जास्त ठेवा, त्याहून मोठं घेऊ नका, आणि कातळावर कापायची उंची चांगली चार बोटं ठेवा नाहीतर पात्यांचा खर्च मेव्हण्याकडे मागावा लागेल.

एक सवय मात्र लावून घ्यावी लागेल. वळताना पुढचं अवजार ट्रॅक्टरच्या पुढच्या अर्ध्या भागासोबत आडवं झाडतं. साध्या ट्रॅक्टरची सवय असलेला ड्रायव्हर पहिल्या दिवशी हमखास एका कलमाची साल काढतो. त्याला पहिले दोन दिवस मोकळ्या खळ्यात तेलाचे डबे ठेवून फिरवा.

"आमचं आगर आहे, माड आणि पोफळी. झावळांचा ढीग जाळण्यापेक्षा श्रेडर लावायचा विचार आहे. लोकल फॅब्रिकेटर म्हणतो, ट्रॅक्टरच्या पीटीओवरचा श्रेडर घ्या, शाफ्ट काढून हायड्रॉलिक मोटर बसवून देतो. होईल का? मशीनवर '३६ लि./मि., १८० बार' असं लिहिलंय." – गुहागर

होईल. (पीटीओ म्हणजे अवजार फिरवायला ट्रॅक्टरच्या मागे असलेला शाफ्ट.) पण फॅब्रिकेटरने तुम्हाला एक प्रश्न विचारायला हवा होता तो त्याने विचारला नाही, तेल किती आहे. तुम्ही स्वतःहून आकडे पाठवलेत म्हणून तुमचं उत्तर सगळ्यात मोठं.

इंजिनावर २५ एचपी लिहिलेलं असतं ते विसरून जा. अटॅचमेंटपर्यंत पोचते ती ताकद तेलातून पोचते. हिशोब सोपा, मिनिटाला लिटर गुणिले बार (म्हणजे प्रेशर) भागिले ६००, उत्तर किलोवॉटमध्ये. तुमचं ३६ गुणिले १८० म्हणजे ६४८०, भागिले ६०० म्हणजे १०.८ किलोवॉट, साधारण साडेचौदा एचपी. त्यातले पाइप, कपलर (पाइप जोडायची तोंडं), मोटर यांत थोडे गळतात, हातात बारा धरा. म्हणजे बारा एचपीला चालणारा श्रेडर चालेल, ३५ एचपीच्या ट्रॅक्टरवर चालणारा दांडगा श्रेडर आणून बसवलात तर तो पहिल्या ओल्या झावळीला बसेल.

आता मोटर. मोटरचा आकार सीसीमध्ये सांगतात, एका फेऱ्याला किती तेल पिते ते. ३६ लिटर म्हणजे ३६,००० सीसी, ५० सीसीची मोटर लावली तर ७२० फेरे, गळती धरून साडेसहाशे. २४ सीसीची लावली तर साडेतेराशेच्या आसपास फेरे पण पीळ निम्मा. दुकानदार म्हणेल मोठी घ्या साहेब, मोठी मोटर म्हणजे जास्त ताकद. तसं काही नसतं, ताकद तेवढीच राहते, मोठी मोटर सावकाश आणि जोरात फिरते, छोटी भराभर आणि हलकी. श्रेडरच्या पात्याला दीड हजारच्या आसपास फेरे हवेत, तर माझं मत असं की ५० सीसी मोटर घ्या आणि पुलीने फेरे वाढवा, व्ही-बेल्टवर. बेल्ट का, तर झावळीच्या जाड देठात एखादी खिळ्याची पट्टी नाहीतर दगड आला की बेल्ट घसरतो आणि मोटर वाचते. डायरेक्ट कपलिंगवर घसरायला काहीच नसतं, जे तुटायचं ते आतलं तुटतं.

यानंतर तीन गोष्टी फॅब्रिकेटरकडून लिहून घ्या.

एक, केस ड्रेन. मोटरला दोन मोठ्या होजशिवाय एक बारीक तोंड असेल तर ती गळतीच्या तेलाची वाट आहे, ती सरळ टाकीत जायला हवी. बरेच जण पाइप वाचवायला ती परतीच्या लाइनला टी मारून जोडतात, मग परतीचं प्रेशर मोटरच्या शाफ्ट सीलवर येतं आणि सील बाहेर. फक्त बाहेर येत नाही, उडतं.

दोन, थांबवताना काय होतं ते. श्रेडरचं पातं जड, एकदा फिरलं की पटकन थांबत नाही. तुम्ही लिव्हर एकदम बंद केलीत तर पातं मोटरला फिरवत राहतं, म्हणजे मोटरचा पंप होतो, पण तेल जायला वाटच नाही. मी स्वतः आमच्या शेडमध्ये असला एक जुगाड केला होता, लिव्हर ओढली, फट्ट असा आवाज आला आणि समोरच्या माडाला दहा फुटापर्यंत तेलाचा अभिषेक. शेजारची आजी म्हणाली, देवाला करतात रे तेल, माडाला कशाला. उपाय छोटासा आहे, परतीच्या आणि येणाऱ्या लाइनच्या मधे एक चेक व्हॉल्व (तेल एकाच दिशेने सोडणारा) टाकायचा, म्हणजे बंद केल्यावर तेल मोटरभोवती गोल फिरत राहतं आणि पातं आपोआप मंदावतं. दुकानात अँटी-कॅव्हिटेशन व्हॉल्व म्हणून मागा.

तीन, गरमी. श्रेडर अडकला आणि तुम्ही लिव्हर तशीच दाबून ठेवलीत तर सगळं तेल रिलीफ व्हॉल्ववरून (प्रेशर हद्दीबाहेर गेलं की उघडतो तो) जातं आणि त्या पावणेअकरा किलोवॉटची नुसती उष्णता होते. घरातला गीझर दोन किलोवॉटचा असतो, म्हणजे पाच गीझर एकदम चालू आणि पाणी बदलत नाही. आपल्याकडे एप्रिलमधली हवा आधीच तापलेली, त्यात छोट्या मशीनची टाकी लहान. पंखेवाला ऑइल कूलर परतीच्या लाइनवर टाका, महाग वाटेल पण पंपापेक्षा स्वस्त. तेल ४६ की ६८ (हे तेलाच्या घट्टपणाचे नंबर) असं विचाराल, तर गरम हवेला ६८ घट्ट राहतं हे खरं, पण हायड्रोस्टॅटिक ड्राइव्हची, म्हणजे चाकंही तेलाच्या जोरावर फिरवणारी, बरीच मशीनं वेगळंच तेल मागतात, काही तर चक्क इंजिन ऑइल, म्हणून मॅन्युअलमधलं तेलाचं पान मोबाइलवर ट्रान्सलेट करून बघा, तेवढं एक पान तरी बघाच. दोन जातीची तेलं एका टाकीत मिसळू नका.

आणि आगरात वळायला जागा? पोफळी ९ फुटांवर असतील, म्हणजे २.७ मीटरवर, तर मीटर-सव्वा मीटर रुंदीचं मशीन सुखाने फिरेल. माड ७.५ मीटरवर, तिथे तर प्रश्नच नाही. पण सोडणाचे ढीग, पाटाचं पाणी आणि आळी यांच्यात मशीन फिरवायचं तर श्रेडर एका जागी उभा करून झावळं ग्रॅपलने (पकडायच्या पंजाने) आणा, श्रेडर घेऊन झावळांच्या मागे फिरू नका.

"बकेटमध्ये जांभ्याचे दहा चिरे घेऊन घाटीवरून उतरत होतो, वळणावर मागचं एक चाक उचललं आणि जीव गळ्यात आला. मशीन तर बुटकं आहे, मग असं का? रोल बार कलमांच्या फांद्यांना अडतो म्हणून काढून ठेवला होता, आता वडील मशीन विका म्हणतात." – लांजा

वडिलांना माझा नमस्कार सांगा, ते घाबरले ते बरोबर घाबरले. पण विकू नका, आधी हे वाचा.

साधारण चिरा ३० ते ३५ किलोचा धरा, म्हणजे बकेटमध्ये तीनशे-साडेतीनशे किलो. मशीन सरळ उभं असेल तर मागचा भाग, इंजिन, तुम्ही असं सगळं पुढच्या एक्सलमागे बरोबर सरळ रेषेत वजन देतं आणि तोल राहतो. कंबर पूर्ण वळली की मागचा भाग बाजूला जातो, तोच तराजूचा दांडा आता तिरका पडतो, त्यामुळे पुढच्या ओझ्याला तोलून धरणारं वजन तेवढंच असून कमी भरतं. म्हणून चांगल्या लोडरच्या कागदावर उलटण्याचे दोन आकडे असतात, सरळ उभा असताना आणि पूर्ण वळलेला असताना, दुसरा नेहमी लहान. मोठ्या व्हील लोडरांत नियम असा की पूर्ण वळलेल्या आकड्याच्या निम्मंच वजन बकेटमध्ये घ्यायचं, आणि तेही सपाट, कडक जमिनीवर. तुमची घाटी सपाट नाही. म्हणजे निम्म्याचंही थोडं कमी करा. तुमच्या मशीनला पाच-सहा चिरे, बस्स, बाकीचे दुसऱ्या फेरीला.

दुसरं जास्त फसवं आहे. सांधा कलतो म्हणून चारही चाकं जमिनीवर राहतात असं मी वर म्हटलं ना, तोच गुण इथे उलटतो. तुम्ही ज्या भागावर बसलाय तो सपाट राहतो आणि दुसरा भाग आपला आपण कलत जातो, सीटवर काही कळत नाही. मग कलण्याची हद्द संपते, लोखंड लोखंडाला टेकतं, आणि त्याच क्षणी सगळं मशीन एकदम त्याच्याबरोबर ओढलं जातं. साधा ट्रॅक्टर आधी कुरकुरतो, हा गपचूप राहतो आणि मग एकदम. तुम्हाला जे वाटलं ते हेच.

आता काय करायचं. बकेट जमिनीपासून एक वीत, कितीही घाई असो, उतारावर बकेटचा हात वर करायचा नाही. भरलेलं बकेट नेहमी चढाच्या बाजूला ठेवायचं, म्हणजे चढताना तोंड वर, उतरताना रिव्हर्समध्ये उतरायचं, मान दुखते पण माणूस घरी येतो. वळण शक्यतो सपाटीवर घ्यायचं आणि उतारावर वळावंच लागलं तर बकेट रिकामं.

मागे वजन वाढवायचा स्वस्तातला उपाय म्हणजे मागच्या टायरमध्ये पाणी. व्हॉल्व वरच्या बाजूला ठेवून व्हॉल्वच्या पातळीपर्यंत, म्हणजे पाऊण टायर भरतो, लहान १२ इंची रिमच्या टायरमध्ये तीसेक लिटर सहज जातं, म्हणजे दोन चाकांत साठेक किलो, आणि तेही अगदी खाली. थंड देशात पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड घालतात आणि मग रिम गंजतात. कोकणात कुठे गोठतंय, साधं विहिरीचं पाणी घाला, फक्त खाडीचं खारं नको. चाकं रुंदावण्यासाठी स्पेसर टाकायचा विचार करत असाल तर बोट-दीड बोटापर्यंत ठीक, जाड स्पेसर टाकला की सगळं वजन हब बेअरिंगच्या बाहेर लोंबतं आणि बेअरिंग खातं. त्यापेक्षा काही रिम उलट बसवता येतात, तेवढ्याने रुंदी मिळते, नाहीतर डबल चाक. व्हेनट्रॅकवाले तीस अंशांपर्यंत उतार सांगतात तो डबल चाकं लावून, हे जाहिरातीच्या फोटोत बारीक दिसतं.

रोल बारबद्दल, म्हणजे मशीन उलटलं तर माणसाला वाचवणाऱ्या लोखंडी कमानीबद्दल, मी वाद घालणार नाही. तो परत लावा आणि सीट बेल्ट बांधा, दोन्ही एकत्र, कारण बेल्टशिवाय रोल बार म्हणजे उलटताना तुमच्या अंगावर पडायला अजून एक पाइप. फांद्या अडतात तर घडी होणारा रोल बार मिळतो, फांदीखाली घडी, घाटीवर उभा. खालच्या फांद्या छाटल्या तरी आंबा काही रुसत नाही.

"कुंपणाचे खांब आणि मिरीच्या वेलांसाठी खड्डे करायचे आहेत. ऑगर लावला तर जांभ्यात चालेल का?" – राजापूर

जांभा म्हणजे कुठला जांभा हे आधी ठरवा. उघडा पडलेला काळा कातळ वाऱ्या-पावसाने कडक झालेला असतो, तोच दोन फूट खाली चिरेखाणीत तासून काढता येतो एवढा मऊ असतो. मातीचा साधा ऑगर (खड्डे पाडायचा मोठा गिरमिट) वरच्या कवचावर नुसता घासत बसेल आणि पातं निळं पडेल. कार्बाइडच्या दातांचा रॉक ऑगर लागतो, मधे टोकदार पायलट, आणि तो सावकाश पण जोरात फिरायला हवा, म्हणून मोटरला गिअरबॉक्स असलेलाच घ्या. ६ नाहीतर ९ इंचाने सुरुवात करा, १२ इंचाच्या मोहात पडू नका, पीळ व्यासाबरोबर फार भराभर वाढतो.

कडक कवच एक-दीड फुटाचं असेल तर ते आधी ब्रेकरने नाहीतर पारईने फोडून मग ऑगर घाला. ऑगर लोंबता लागतो तो बरा, कंबरमोड्या थोडा कलला तरी भोक उभंच राहतं. जूनच्या पहिल्या पावसानंतर लाल माती ऑगरला लाडवासारखी चिकटते, त्यामुळे हे काम मिरगाच्या आधी उरकून टाका. आणि कलमाच्या तीन-तीन फुटांच्या खड्ड्यासाठी ऑगर विचारत असाल तर नको, त्याला जेसीबीच. पूर्वी कातळात सुरुंग लावत होते, त्यामानाने जेसीबी स्वस्तच म्हणायचा.

"काका, मी दापोलीला ॲग्री इंजिनिअरिंगला आहे. घरी मिनी ट्रॅक्टरचं सगळं थ्री पॉइंटचं सामान आहे, रोटाव्हेटर, कल्टिव्हेटर, फवारणीची टाकी. एक अडॅप्टर प्लेट बनवून ते आर्टिक्युलेटेडच्या पुढे लावता येईल का? डिझाइन मी करतो." – विद्यार्थी

कर की, असल्या प्रश्नासाठीच हे पान आहे. पण प्लेट बनवणं सोपं, रोटाव्हेटर पुढे चालवणं अवघड, ते का ते बघ.

थ्री पॉइंट म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे तीन पिनांवर अवजार लावायची जोडणी, आणि कॅटेगरी म्हणजे तिचं माप. मिनी ट्रॅक्टरचं सामान कॅटेगरी एकचं असेल तर खालच्या पिना २२ मिलिमीटरच्या, दोन पिनांमधलं अंतर ६८३, वरची पिन १९. अगदी छोटं असेल तर कॅटेगरी शून्य, पिना १६ आणि अंतर ५०८. आधी मोज, मग कॅड उघड. प्लेट १० ते १२ मिलिमीटरची घे, पिनेच्या भोकाला बाहेरून जाड कडं (बॉस) वेल्ड कर, नुसत्या प्लेटला भोक पाडलंस तर वर्षात ते अंडाकृती होतं. आणि लक्षात ठेव, अडॅप्टरची जाडी म्हणजे अवजार तेवढं पुढे गेलं, लांजाच्या वाचकाचं उत्तर वाच, प्रत्येक इंच उलटण्याकडे नेतो. सगळं मिळून चार-पाच इंचात बसव.

फवारणीची टाकी पुढे मजेत चालेल. कल्टिव्हेटर नाही, त्याचे फाळ ओढायला बनलेत, पुढे लावले की त्यांची टोकं उलटी, ट्रॅक्टरकडे येतात आणि माती फाडण्याऐवजी पाठीने घासत जातात. रोटाव्हेटरची गंमत अशी की तो मागे ओढण्यासाठी बनलेला. पुढे लावलास की ट्रॅक्टरकडचं त्याचं तोंड चालण्याच्या दिशेच्या उलट आलं. म्हणजे पाती चाकांच्या उलट दिशेने फिरायला लागली आणि मागची सपाट करणारी फळी सगळ्यात पुढे येऊन माती खात बसली. शिवाय मागची पीटीओ ५४० फेऱ्यांची, सहा खाचांची, मागून बघितलं तर घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरणारी, तुझ्या मशीनला पुढे तसा शाफ्ट आहे का? नसेल तर हायड्रॉलिक मोटर आणि गुहागरचा सगळा हिशोब पुन्हा. मोटरची दिशा होज अदलाबदल करून उलटते हे खरं, पण आधी केस ड्रेन आणि त्या मोटरला दोन्हीकडून प्रेशर चालतं का ते बघ, आणि रोटाव्हेटरच्या पात्यांची धार एका बाजूलाच असते, ती सगळी उतरवून उलट बसवावी लागते. मी एकदा हे सगळं केलंय. चाललं. परत करणार नाही.

"आमच्याकडे एक वेल्डर आहे, तो म्हणतो पॉवर टिलर आणि रिक्षाचा मागचा एक्सल जोडून असाच कंबरेतून वळणारा ट्रॅक्टर बनवून देतो, ऐंशी हजारात." – वेंगुर्ला

पॉवर टिलरला ट्रॉली लावून खुर्चीवर बसून चालवतो तेव्हा ते मशीन कंबरेतूनच वळत असतं, त्यामुळे कल्पना काही वेडी नाही. वेल्डर कल्पक आहे. पण तीन प्रश्न त्याला विचारा. मधली पिन एकाच लांब बुशमध्ये आहे की वर-खाली अंतर ठेवून दोन बेअरिंगवर? एका बुशवर असेल तर महिन्याभरात ती हलायला लागते, मग सगळं मशीन नागासारखं चालतं. कलण्याची हालचाल आहे का आणि तिला थांबवणारा स्टॉप कुठे आहे? आणि तिसरा, वळताना दोन्ही चेसीसच्या मधली फट बंद होते तिथे माणसाचा पाय जाऊ नये म्हणून काय केलंय? हा शेवटचा फार महत्त्वाचा. फॅक्टरीच्या मशीनलाही तिथे जाड पट्टीचा लॉक दिलेला असतो, टेंपोवर चढवताना आणि खाली हात घालून ग्रीस मारताना तो लावायचा, नाहीतर कोणी स्टिअरिंगला हात लावला की सांधा कात्रीसारखा मिटतो.

या तिन्हींची उत्तरं पटली तर बागेपुरता बनवा. रस्त्यावर आणू नका. नोंदणी असलेल्या वाहनात मनाने बदल करायला मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं आणि असल्या जोडगाडीची मुळात नोंदणीच होत नाही, काही झालं तर विमाही नाही. आणि ऐंशी हजार हा वेल्डरचा आकडा आहे, तुमचा आकडा त्याच्या दीडपट धरून चला, पंप आणि स्टिअरिंग युनिट त्याने मोजलेलंच नसणार.

आता पटापट

*समुद्रावरची वाळू आणि शेवाळ बकेटने उचलतो, पिना जाम होतात (अलिबाग):* रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा, मग ग्रीस, उलटं नाही. निपलमधून जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारा, म्हणजे त्याच्याबरोबर मीठ पण बाहेर येतं. वॉशरचा फवारा सांध्याच्या बेअरिंगवर आणि वायरच्या कनेक्टरवर धरू नका.

*कपलर बसतच नाही, हातोडी मारावी लागते (श्रीवर्धन):* हातोडी बंद. अटॅचमेंट उन्हात पडून राहिलं की आतलं तेल फुगतं आणि प्रेशर धरतं. इंजिन बंद करून लिव्हर दोन्हीकडे हलवा, ट्रॅक्टरच्या बाजूचं प्रेशर जाईल. अटॅचमेंटच्या बाजूचं जात नसेल तर कापडात धरून पाइपचा जोड पाव फेरा सैल करा, हाताचं बोट पुढे करून गळती शोधू नका, बारीक छिद्रातलं तेल कातडीच्या आत घुसतं. पुढच्या वेळी चपट्या तोंडाचे कपलर घ्या, धूळ बसत नाही.

*जुन्या इंपोर्टेड मशीनला अनुदान मिळेल का (खेड):* नाही. महाडीबीटीवरचं अनुदान नव्या, तपासणी होऊन यादीत आलेल्या मशीनला असतं. एजंट काहीतरी वेगळं सांगत असेल तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

*भाताच्या खाचरात चिखलणीला चालेल का (माणगाव):* उतरवू नका. हायड्रॉलिक मोटरी आणि सांधा चिखलाच्या पातळीला येतात, आणि बहुतेक मशीनवर लॉनचे गुळगुळीत टायर असतात. खाचराला तुमचा पॉवर टिलरच बरा, कंबरमोड्या बांधावरचं गवत कापायला ठेवा.